छत्तीस जणांची रांग

इस्पितळात तिला सगळे आहारताई म्हणत. ती वॉर्डाच्या टोकाला दिसली की खाटांवरची माणसं एकदम आजारी दिसू लागत आणि बिस्किटांचे पुडे उशांखाली सरकत. ती रागावायची मात्र नाही. नुसती उशीकडे बघायची आणि विचारायची, "उशी आज जरा कुरकुरीत वाटतेय का?"

घरी तिचे सासू-सासरे होते. नवरा बोटीवर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. त्यामुळे तिच्या आहारशास्त्राचा घरचा सगळा भार एकट्या सासऱ्यांच्या पोटावर पडला होता. सासूबाई मुळातच काडीसारख्या, त्यांना कोण काय सांगणार? सासरे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, गोडाचे शौकीन, आणि निवृत्तीनंतर कमरेचा घेर वाढवण्यापलीकडे दुसरं काम न उरलेले. सुनेनं त्यांना घड्याळ लावून दिलं होतं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, एवढ्यातच खायचं. सहानंतर तोंडाला कुलूप.

"सूनबाई, माझं तोंड म्हणजे काय बँक आहे, ठरल्या वेळेतच उघडायला?" ते म्हणायचे.

"बँकेचं पोट सुटत नाही, बाबा," ती म्हणायची.

त्या वर्षी इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी एक प्रयोग काढला. कुठल्या आहारानं वजन जास्त उतरतं, ते एकदा तपासूनच टाकू, म्हणाले. छत्तीस माणसं तयार झाली. त्यांचे बारा-बारांचे तीन गट पाडायचे ठरले आणि कोण कुठल्या गटात जाणार ते आहारताईनं सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे कुणी रुसायला नको.

पहिला आहार डॉक्टरांचा लाडका. पीठ बंद, बटाटा बंद, साखर बंद. त्या गटाला सगळे 'कोरडे' म्हणू लागले. दुसरा ताईचा लाडका, म्हणजे दहा ते सहावाला. ते 'घड्याळवाले'. तिसरा कुणाचाच लाडका नव्हता. दोघांच्या जोडीला तुलनेसाठी काहीतरी साधं हवं म्हणून ताईनं तो ऐन वेळी घातला होता. घरातलं रोजचंच जेवण, रोजच्याच वेळेला, फक्त लहान ताटलीत, आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. त्यांना 'ताटलीवाले' म्हणत, आणि तेही आठवण झाली तर.

तीन महिने दर शनिवारी सगळे वजन करायला येत. कोरडे येत ते चिडचिडे होऊन येत. घड्याळवाले सतत मनगटाकडे बघत. ताटलीवाले गप्पा मारत येत आणि गप्पा मारत जात, त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसे.

शेवटचं वजन झालं. ताईनं प्रत्येक गटाची सरासरी काढली. कोरड्यांचं सरासरी वजन पाच किलोंहून थोडं जास्त उतरलं होतं, ताटलीवाल्यांचं पाचाला थोडं कमी, आणि घड्याळवाल्यांचं जेमतेम अडीच. ताईचं तोंड उतरलं. डॉक्टरांचं फुललं.

"मी म्हणत नव्हतो?" डॉक्टर म्हणाले. ते नेहमीच म्हणत असत, त्यामुळे नक्की कधी म्हणाले होते ते आठवायची सोय नव्हती. "आणि तो बेकरीवाला बघा! एकतीस किलो! दिवसभर भट्टीपुढे उभा राहून पावाला शिवला नाही पठ्ठ्या. सभेत मोठा फलक लावू. त्याचा हसरा फोटो, आणि खाली अक्षरं, 'कोरडा आहार, एकतीस किलो कमी'."

इस्पितळाची वार्षिक सभा दोन आठवड्यांवर होती. निकाल अजून कुणी धड तपासलाही नव्हता, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. फलकाचं माप, रंग, कोपऱ्यातली वेल, सगळं डॉक्टरांनी ठरवून टाकलं. राहिला होता फक्त फोटो. तो आणायला ताई बेकरीवर गेली.

बेकरीवाला काउंटरमागे उभा होता. सदरा अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. ताईला बघून त्यानं नेहमीसारखी मान डोलवली. शनिवारी वजनाला यायचा तेव्हाही हा असाच. यायचा, मान डोलवायचा, काट्यावर चढायचा, उतरायचा, जायचा. किती शांत आणि किती शिस्तीचा माणूस, म्हणून ताईनं बाकीच्यांना त्याचे दाखले दिले होते.

"जरा हसा बघू," ताई फोन समोर धरून म्हणाली.

तो ओठ मिटून हसला.

"असं नाही. मोकळं हसा. फलकावर लावायचाय फोटो."

त्यानं इकडे तिकडे पाहिलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मग तो मोकळं हसला, आणि ताईच्या हातातला फोन खाली आला. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता.

"हे कधी झालं?"

"प्रयोग शुरू झाला त्याच्या दुशऱ्याच आठवड्यात," तो म्हणाला. शब्द हिरड्यांवरून घसरत होते, पण कळत होते. "शगळे काढले. कवळी करायला दिली. पहिली बशेना. दुशरी टोचते. तिशरी पुढच्या आठवड्यात येतेय."

"मग तीन महिने तुम्ही खाल्लं काय?"

"शूप."

"आणि?"

"दुशरं शूप."

"म्हणजे तुम्ही पाव सोडलाच नाहीत!"

"मी कुठला शोडतो?" बेकरीवाला खेदानं म्हणाला. "पावानं मला शोडलं, ताई."

"पण मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारायच्या, पीठ बंद आहे ना, शाखर बंद आहे ना? बंदच होतं. मी मान डोलवली. तोंड उघडायची लाज वाटायची."

ताई फोटो न काढता घरी आली. वाटेत तिला आधी राग आला, मग हसू आलं आणि घराच्या जिन्यात पुन्हा राग आला. या वेळचा राग तिचा तिच्यावर होता. आठवड्याच्या आठवड्याला माणूस समोर उभा होता, आणि तिनं त्याच्या पायाखालचा काटा तेवढा पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं सासऱ्यांना सगळं सांगितलं. सासरे इतके हसले की सासूबाई आतून बघायला आल्या.

"हसू नका, बाबा. मी त्याला यादीतून काढून टाकणार आहे. तो गेला की कोरड्यांची सरासरी तीनावर येते."

सासऱ्यांचं हसू थांबलं. "आणि काढायचं का, तर दात नव्हते म्हणून?"

"मग काय!"

"बाकीच्या पस्तीस जणांचे दात मोजलेस का? कुणाला मधेच ताप आला असेल. कुणाच्या घरी लग्न झालं असेल. कुणाची बायको माहेरी गेली असेल, तो आठवडाभर उपाशीच असेल. निकाल बघितल्यावर माणसं काढायची नसतात, सूनबाई. आज हा नडला म्हणून काढशील, उद्या दुसरा आवडला नाही म्हणून काढशील. दातांची गोष्ट सभेत उघड सांग. पण त्याला ठेव."

"ठेवला तर तो एकटा सगळा गट ओढून नेतो!"

"ते सरासरीमुळे. नाकापेक्षा मोती जड झालाय. अकरा जण बिचारे तीन-तीन किलो उतरवून बसलेत, आणि हा एकटा एकतीस. मग तू सरासरी घेतेसच कशाला? त्यांना रांगेत उभं कर."

"कुणाला?"

"छत्तिसांना. चल, कात्री आण."

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांची छत्तीस कार्डं कापली गेली. प्रत्येक कार्डावर एकेकाचं उतरलेलं वजन. कोरड्यांची कार्डं लाल पेन्सिलीनं, घड्याळवाल्यांची निळ्या, ताटलीवाल्यांची हिरव्या. मग सासरे चक्क जमिनीवर बसले, जे त्यांनी पोट सुटल्यापासून केलं नव्हतं, आणि सोफ्यापासून गॅलरीच्या दारापर्यंत रांग लागली. ज्याचं सगळ्यात कमी उतरलं तो सोफ्यापाशी, सगळ्यात जास्त उतरलं तो दारापाशी.

"आता सगळे गट विसरायचे," सासरे म्हणाले. "सोफ्यापासून मोजत ये. पहिला, दुसरा, तिसरा. कार्डाच्या मागे फक्त नंबर लिही. किलो गेले. उरला तो रांगेतला नंबर."

ताई गुडघ्यांवर सरकत नंबर टाकत निघाली. सातव्या जागी अडली. "इथे दोघांचं वजन सारखंच उतरलंय. एक पोस्टमन आहे, एक शिंपी. दोघंही घड्याळवाले."

"सातवा आणि आठवा नंबर दोघांत वाटून दे. दोघांना साडेसात."

"साडेसातवा नंबर असतो का कुठे?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "तुम्ही कॉलेजात हेच शिकवायचात? तरीच पोरं दुसऱ्यांदा बसायची परीक्षेला."

"तुझं-माझं जमत नाही ते याच छत्तीसच्या आकड्यामुळे," सासरे म्हणाले. "तू जरा त्या रांगेवरून उडी मारून ये, तुझ्या पदरानं तीन कोरडे उडवलेस."

ताई गॅलरीच्या दारापाशी पोचली. शेवटचं कार्ड लाल होतं. बेकरीवाला. छत्तिसावा नंबर.

"बघ," सासरे म्हणाले. "त्याला हाकललं नाही, त्याचा मानही गेला नाही. सगळ्यात मोठा नंबर त्याचाच. पण त्याच्या आधीच्याचा पस्तिसावा. फरक एकाचा. एकतीस किलोंचा सगळा रुबाब दाराबाहेर काढून ठेवायचा आणि मग आत यायचं."

ताई रांगेकडे बघत राहिली. रांगेत आता रंग दिसत होते. सोफ्याकडे निळं आणि लाल एकमेकांत मिसळलेलं, आणि दाराकडे जावं तसतसं हिरवं होत गेलेलं.

तिनं रंगांप्रमाणे नंबरांची बेरीज केली. तिन्ही आहार सारखेच असते तर प्रत्येक रंगाच्या वाट्याला दोनशे बावीसच्या आसपास यायला हवं होतं. कोरड्यांचे आले एकशे नव्वद. घड्याळवाल्यांचे एकशे अठ्ठावन्न. ताटलीवाल्यांचे तीनशे अठरा.

"पण हे योगायोगानंही होऊ शकतं ना?" ताई म्हणाली. आवाजात थोडी आशा होती. आपलं लेकरू नापास झालं की पेपर तपासणाऱ्याकडे बघावं, तशी ती सासऱ्यांकडे बघत होती.

"हा खरा प्रश्न!" सासरे खूश झाले. "योगायोगानं होतं का, ते योगायोगालाच विचारू. ए, इकडे ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "ही कार्डं पिस आणि डोळे मिटून बारा-बाराचे तीन ढीग कर. बघू, कुठल्या ढिगाची बेरीज तीनशे अठराला पोचते का."

सासूबाई आढेवेढे घेत बसल्या. दोन डाव झाले आणि त्यांना चव लागली. पिसायच्या, वाटायच्या, ताई बेरीज सांगायची. दोनशे एक्केचाळीस. दोनशे चौतीस. दोनशे छप्पन्न. एकदा दोनशे ऐंशी आली, तेव्हा सासूबाई मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "आता पुढच्याला बघाच!" पुढच्याला दोनशे एकोणतीस आली. चहा थंड झाला, ऊन सोफ्यावरून उतरून जमिनीवर आलं, सासूबाई वाटतच होत्या. तीनशेचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

"तू हजार वेळा वाटलंस तरी असा वाकडा डाव पाच वेळाही पडायचा नाही," सासरे शेवटी म्हणाले. मांडीवरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी तेवढ्यात रीतसर हिशेबही केला होता. "याला क्रस्कल-वॉलिस चाचणी म्हणतात. गट लहान असले, आकडे असे एका बाजूला लोंबलेले असले, एखादा बिनदाताचा मधेच आला, की ही कामाला येते. तिला माणसाचं वजन नको, नुसती रांगेतली जागा हवी."

"म्हणजे ताटलीवाले जिंकले?"

"थांब, घाई नको. चाचणी एवढंच सांगते की तिघं सारखे नाहीत. घरात कोणीतरी घोरतंय, इतकंच. कोण घोरतंय ते ती सांगत नाही."

"आमच्या घरात त्याला चाचणी लागत नाही," सासूबाई कार्डं गोळा करत म्हणाल्या.

सासऱ्यांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. मग त्यांनी दोन-दोन गट समोरासमोर उभे केले, आणि तीनदा तुलना करायची म्हणून कसोटी जरा जास्त कडक धरली. तीनदा खडा टाकला की एखादा चुकूनही लागतो, म्हणाले, म्हणून लागल्याचं कौतुक जपून करायचं. निकाल मात्र स्पष्ट आला. ताटलीवाले कोरड्यांहून पुढे. ताटलीवाले घड्याळवाल्यांहून पुढे. कोरडे आणि घड्याळवाले यांच्यात म्हणावा असा फरक दिसत नाही.

ताईनं एक निळं कार्ड उचलून उलटसुलट करून पाहिलं. ज्या आहारावर तिनं भाषणं दिली होती, तो खाली. आणि जो तिनं नुसता जागा भरायला घातला होता, तो वर.

सासरे घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई, वाईट वाटून घेऊ नकोस. पण एक शंका आहे. मी गेलं वर्षभर संध्याकाळी सहानंतर…"

"बाबा, घड्याळाचा उपयोगच होत नाही असं यातून निघत नाही. ताटलीपुढे ते कमी पडलं, एवढंच निघतं."

"शाब्बास! पूर्ण मार्क. इतकं नेमकं माझ्या एकाही विद्यार्थ्याला सांगता आलं नसतं." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वासहा. "तरीपण, बिस्किटं कुठे ठेवली आहेस?"

ताईनं मान वर केली नाही. "रोज जिथून घेता तिथेच."

सासूबाई कार्डं तिथेच टाकून आत गेल्या. आतून त्यांच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. सासऱ्यांचे कान लाल झाले होते. त्या संध्याकाळी ताईनं कपाटातून एक लहान ताटली काढली, सासऱ्यांसमोर ठेवली, आणि घरातलं घड्याळ पुन्हा नुसतं वेळ दाखवायला मोकळं झालं.

सोमवारी ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. हातात कार्डांचा गठ्ठा. बेकरीवाल्याच्या दातांपासून सुरुवात केली तर डॉक्टर चिडतील, म्हणून तिनं आधी रांग सांगितली. डॉक्टर चिडलेच.

"माझ्या माणसाचे एकतीस किलो तुम्ही फेकून दिलेत?"

"फेकले नाहीत, सर. त्याला सगळ्यात मोठा नंबर दिलाय."

"नंबर! एकतीस किलो उतरवणाऱ्याला छत्तीस, आणि नऊ किलोवाल्याला पस्तीस? हा कसला न्याय?"

"हा त्याच्या एकट्याचा न्याय नाही, सर. उद्या तुमच्याकडे जो तेरावा माणूस येईल, त्याला आपण काय सांगणार? एकतीस उतरतील? की बहुतेकांचे उतरले तसे तीन?"

डॉक्टर तरीही हरले नाहीत. "योगायोग असेल तुमचा," म्हणाले.

ताईनं गठ्ठा त्यांच्या पुढ्यात ठेवला. "पिसून बघा."

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि पिसायला घेतलं. पहिला डाव, दुसरा डाव, तिसरा. हरलेल्या माणसासारखं त्यांचं डोकं तापलं. "पुन्हा," ते म्हणायचे. बाहेर पेशंटांची रांग वाढत गेली. फाइल द्यायला आत आलेली नर्स दारातच थबकली आणि परत गेली. थोड्याच वेळात रांगेत पुढून मागे बातमी गेली की डॉक्टर आत पत्ते खेळताहेत आणि आहारताई जिंकतेय.

"दोनशे एकाहत्तर!" डॉक्टर एकदा ओरडले.

"अजून सत्तेचाळीस हवेत, सर."

शेवटी त्यांनी कार्डं टेबलावर आपटली, खुर्चीत मागे रेलले आणि छताकडे बघत म्हणाले, "बरं. पण त्या बेकरीवाल्याचं कौतुक करालच की नाही? एवढा निग्रह!"

आता सांगावंच लागलं. ताईनं सांगितलं. डॉक्टर छताकडेच बघत राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा ताई घाबरली. मग तिच्या लक्षात आलं की ते हसताहेत.

"मी त्याला दर शनिवारी विचारायचो," डोळे पुसत डॉक्टर म्हणाले, "की नीट चावून खाता ना? आणि तो लेकाचा मान डोलवायचा!"

त्यांनी तिथल्या तिथे फलकवाल्याला फोन लावून फलक रद्द केला. कोपऱ्यातली वेल तेवढी पुढच्या खेपेला राखून ठेव, म्हणाले.

सभेच्या दिवशी दालन भरलं होतं. प्रयोगातले बरेचसे लोक आले होते. बेकरीवाला पुढच्या रांगेत होता. तिसरी कवळी एकदाची बसली होती, आणि मधल्या दिवसांत त्यानं आपल्याच दुकानातल्या मालाशी जुनं नातं पुन्हा जोडलं होतं. सदरा अंगाला बऱ्यापैकी लागायला आला होता. दातांची हकिकत सभेत सांगायला त्याची हरकत आहे का, असं ताईनं आधी विचारून घेतलं होतं. "शांगा की," तो म्हणाला होता, आणि लगेच नव्या दातांनी सुधारून, "सांगा."

डॉक्टर बोलायला उभे राहिले. "मी सुरुवातीपासून म्हणत आलो आहे," ते म्हणाले, "की साधेपणातच खरी ताकद असते. ताटली लहान ठेवा!"

मागे बसलेले सासरे सासूबाईंच्या कानाला लागले. "बघ, यांचं मत बदललं, पण नंबर पहिलाच राहिला."

मग डॉक्टरांनी ताईला पुढे बोलावलं. हे मात्र त्यांनी मनापासून केलं, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत मधे एकदाही तोंड घातलं नाही. तिनं तिन्ही गटांबद्दल सांगितलं. रांग म्हणजे काय ते सांगितलं. घड्याळवाला आहार आपला लाडका होता आणि तो मागे पडला, हे सांगताना तिचा आवाज जरा अडखळला, पण तिनं ते गाळलं नाही. बेकरीवाल्याच्या दातांवर सगळं दालन हसलं, आणि बेकरीवाला उभा राहून दोन्ही बाजूंना वळून हसला, म्हणजे सगळ्यांना नवी कवळी दिसावी.

"पण ताटलीवाल्यांचंच का उतरलं?" कुणीतरी विचारलं.

ताईनं दालनावरून नजर फिरवली. "ते या चाचणीतून कळत नाही," ती म्हणाली. "आमच्या ताटलीवाल्यांपैकी कुणाला सांगता येईल का?"

मधल्या रांगेतून बस चालवणारी एक बाई उभी राहिली. आवाज खणखणीत. "माझं सांगू? मला वेगळं काही शिजवायला लागलं नाही. पोरांसोबत बसून जेवले, नवऱ्यासोबत बसून जेवले. घरात कुणाला महिनाभर पत्ताच नव्हता की मी प्रयोगात आहे. कुणी टोकलं नाही, कुणी 'एवढ्यानं काय होतंय' म्हणून आग्रह केला नाही. आणि बंद असं काही नव्हतंच, मग चोरून खाणार काय? माझी धाकटी जाऊ कोरड्यांत होती. तिनं तीन महिने नियम पाळले, आणि तीन महिने आमच्याकडे येऊन मोडले."

दालनात कोरड्यांच्या बाजूला चुळबुळ झाली. एक बाई पदरात तोंड लपवून हसत होती. ती जाऊच असावी.

सभा संपल्यावर बाहेरच्या पायऱ्यांवर सासरे ताईला म्हणाले, "ती बाई बोलली ते चांगलं होतं. पण लक्षात ठेव, तो तिचा अंदाज आहे. एकीनं सांगितलं म्हणजे सगळ्यांचं तसंच असेल असं नाही."

"माहीत आहे, बाबा," ताई म्हणाली. "पण आजवर मी लोकांना काय खाता ते विचारायचे, कुणासोबत बसून खाता ते कधीच विचारलं नाही. पुढचा प्रयोग तिथून सुरू करणार." तिच्या चेहऱ्यावर हरल्याची खूण नव्हती. ती त्या बस चालवणाऱ्या बाईला गर्दीत शोधत होती.

डॉक्टर पाठोपाठ आले आणि त्यांनी सासऱ्यांचा हात धरला. शनिवारी दुपारी इस्पितळात येऊन सगळ्यांना हे रांगेचं शास्त्र शिकवाल का, म्हणाले. सासऱ्यांनी जरा विचार केल्यासारखं केलं, आणि विचार संपायच्या आतच हो म्हणाले.

पहिल्या शनिवारी ते इस्त्रीचे कपडे घालून, खडूंची पेटी घेऊन गेले. पहिल्या बाकावर मोठे डॉक्टर बसले होते म्हणे, आणि पहिल्या मिनिटापासून वाद घालत होते. दोघं इतके रंगले की वर्ग संपला तरी फळा सोडेनात.

इकडे घरात सासूबाईंनी चहा केला आणि सोफ्यावर पाय लांब सोडले. ताई समोर वही घेऊन नव्या प्रयोगाचा आराखडा मांडत होती. एकट्यानं जेवणारे, घरच्यांसोबत जेवणारे, कामावर जेवणारे.

"किती दिवसांनी हे घर असं शांत झालंय!" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या चाचणीनं कुणाचं किती उतरलं ते मला ठाऊक नाही, माझ्या डोक्यावरचं मात्र उतरलं. दर शनिवारी जाणार ना ते?"

"दर शनिवारी."

"मग कर तुझा प्रयोग, पाहिजे तेवढी माणसं घे." त्यांनी कपातला शेवटचा घोट घेतला. "मला मात्र कुठल्या गटात घालू नकोस. चिठ्ठी टाकलीस तरी मी उचलायची नाही."